क्रॉस मी निवडला

क्रॉस मी निवडला. आमच्या घरात आणि सगळ्या भावकीत हे सर्वांना माहीत आहे, आणि ते खरं आहे. तो क्रॉस तुटला म्हणून माझा धाकटा भाऊ गेला, हेही सर्वांना माहीत आहे. ते खोटं आहे. ते मी स्वतः सांगितलेलं खोटं आहे आणि आप्पा, म्हणजे आमचे वडील, होते तोवर मी ते जिवापाड सांभाळलं. आप्पा मागच्या पावसाळ्यात गेले. आता कुणाला काय वाटायचं ते वाटो. भावजय वाचेल तर वाचो.

क्रॉस म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं की तो गाडीत टांगायचा काहीतरी ख्रिस्ती प्रकार असतो. गाडीच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, इंजिनाच्या खालून एक आडवा लोखंडी भाग जातो. कंपनीत त्याला क्रॉस मेंबर म्हणतात, गॅरेजवाले नुसतं क्रॉस म्हणतात. चाकं ज्या आर्मवर असतात ते आर्म या क्रॉसला धरलेले, स्टिअरिंगची रॅक त्याच्यावर बसलेली. क्रॉस जागेवर असेल तर चाकं जागेवर. तो हलला की स्टिअरिंग हातात धरून बसायचं, गाडी जाईल तिकडे जायचं. एवढं समजलं तरी पुरे.

भावाचं गॅरेज म्हसरूळला, घराला लागूनच होतं. शेड मुळात आप्पांची. आप्पा सुतार. कळवणकडून तरुणपणी नाशकात आले आणि लोकांची दारं-खिडक्या करत म्हातारे झाले. गुडघे गेले तेव्हा त्यांनी रंधा खाली ठेवला आणि शेड भावाला दिली. भावानं एका बाजूला त्यांचं बाकडं तसंच ठेवलं आणि बाकीच्या जागेत गाड्या घातल्या. दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात आपली. ती आपली म्हणजे एक जुनी जपानी बनावटीची सेडान. सिन्नरच्या एका बागायतदाराच्या गोडाऊनमध्ये ती कांद्याच्या पोत्यांमागे पडून होती. ह्यानं ती आणली, उघडी केली, तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं आणि तिला घेऊन मातीतल्या शर्यतींना जायला लागला. एकदाही पहिला आला नाही. पण शर्यतीहून आला की तोंड धुवायच्या आधी आम्हाला कुठल्या वळणावर काय झालं ते सांगायचा, आणि भावजय म्हणायची, आधी तो धुरळा काढा, मग बाता मारा.

मी अंबडला एका कारखान्यात आहे. माझं काम जोड तपासायचं. वेल्डिंग केलेला माल माझ्यासमोर येतो, मी त्यातला बरा आणि वाईट वेगळा करतो. अख्खी नोकरी त्यात गेली. स्वभावही तसाच झालाय, मला कशातही आधी खोट दिसते. लग्न झालं नाही, त्याचं कारणही भाऊ हेच सांगायचा.

एका शर्यतीत गाडी उंचवट्यावरून उडाली आणि खाली पोटावर आपटली. मूळचा क्रॉस वाकला. तसाही तो नवीन इंजिनाला पुरत नव्हताच, इंजिनाची तेलाची टाकी त्याला घासायची आणि सायलेन्सरच्या पाइपाला जागा नव्हती. म्हणून बाहेरचा, म्हणजे मूळ कंपनीचा नाही असा, पाइपचा हलका क्रॉस बसवायचं ठरलं. भावानं मला मोबाईल दाखवला. त्यात लालभडक, चकचकीत क्रॉसचा फोटो होता, परदेशातून मागवायचा.

"दादा, बघ तरी. बोल्ट काढायचे, हा लावायचा. काही कापायचं नाही, काही नाही."

मी फोटो मोठा करून पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. "गाढवा, ही तिकडची गाडी आहे. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. रॅकची जागा बघ कुठं आहे ती. तू काय बाजूच्या सीटवर बसून गाडी चालवणारेस?"

तो ओशाळला, मग हसायला लागला. म्हणाला, "बघ, म्हणून तुला दाखवतो. मला रंग आवडला होता."

रंग. नेटवरच्या व्हिडिओंनी ह्या पोरांची डोकी फिरवलीत. एक जण पार्ट हातात धरून वजन काट्यावर दाखवतो, बघा किती हलका, आणि खाली हजार लोक अंगठे दाखवतात. हलका आहे हे दिसलं रे बाबा. धरणार कसा ते कोण सांगणार? आर्म ज्या भोकात बसतात ती भोकं केसभर इकडेतिकडे असली तर चाक वाकडं उभं राहतं. मी त्याला सांगितलं, तू फक्त गाडी चालव, क्रॉस मी निवडतो. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "इन्स्पेक्टर साहेब, तुमच्या पदरात घातला."

मग मी अंबडच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे गेलो. माणूस चांगला, पण त्यानं मला जो नमुना दाखवला त्यावरचं वेल्डिंग पाहून मला भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या आठवल्या. चौकोनी जाड नळी, वजनाला मूळच्यापेक्षा जड. तो म्हणाला, साहेब, हत्ती उभा करा ह्याच्यावर. मला हत्ती उभा करायचा नव्हता. सातपूरला एक जण म्हणाला, जुनाच क्रॉस सरळ करून पट्टी मारून देतो. एकदा वाकलेलं लोखंड सरळ केलं तरी ते आतून तसंच राहतं, हे मी त्याला समजावत बसलो नाही. नमस्कार केला आणि निघालो. पुण्याच्या एकाचा क्रॉस चांगला दिसला, पण त्याला दणके झेलणारे रबरी बुशच नव्हते, लोखंडावर लोखंड. शर्यतीपुरता ठीक, पण ही गाडी रस्त्यावरूनही जायची, आणि आपल्या रस्त्यावर त्या क्रॉसनं भावाचे दात हलले असते.

शेवटी कोइमतूरच्या एका छोट्या कारखान्याचा निवडला. अखंड पाइप, तुकडे न जोडता वळवलेला, आणि जिथे जोड होता तिथे हात फिरवावा असं वेल्डिंग. तरी मी विश्वास ठेवला नाही. माल आल्यावर मी साहेबांची परवानगी काढून तो आमच्या कारखान्यात नेला. आमच्याकडे जोडावर लाल रंग फवारतात, पुसतात आणि वरून पांढरी पूड मारतात. कुठे केसाएवढी भेग असली तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मी प्रत्येक जोड तसा पाहिला. एक रेघ उमटली नाही. भाऊ शेजारी उभा राहून म्हणत होता, "मुलगी बघायला गेलास तेव्हाही असंच रंग लावून बघितलं असशील, म्हणून बिनलग्नाचा राहिलास." मला हसू आलं. मी म्हणालो, हा घे, हा आयुष्यभर तुटणार नाही.

नवरात्रात त्यानं तो बसवायला घेतला. दसऱ्याला गाडीची पूजा करायची आणि तिला बाहेर काढायची, असं त्याच्या मनात होतं. आमच्याकडे दसऱ्याला पूजा झाल्यावर गाडी लिंबांवरून नेतात आणि एक चक्कर मारून आणतात. नुसती पूजा करून गाडी जागेवर ठेवली तर आप्पांच्या लेखी ती पूजाच नव्हे. आणि हत्यारांच्या बाबतीत आप्पा त्याहून कडक. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातली सगळी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपट्याचं सोनं वाटून होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, तेवढा वेळ त्यांचा. आप्पांनी आयुष्यभर हे पाळलं. एकदा एका बड्या माणसाचं काम अडलं होतं, तो गाडी घेऊन दारात आला, तरी आप्पांनी पटाशी उचलली नाही. आम्ही दोघं भाऊ ते बघत वाढलो. मला त्यात कधी काही चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

नवमीला मला सुट्टी होती, मी भावाच्या मदतीला होतो. क्रॉस गाडीखाली उचलून जागेवर धरला, चारही बोल्ट हातानं फिरवले आणि पान्यानं नुसते टेकवले. लगेच आवळायचे नसतात. आधी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टेपनं माप घ्यायचं, दोन्हीकडचं सारखं आलं की मगच टॉर्कच्या पान्यानं, म्हणजे नेमक्या ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, शेवटचं आवळायचं. भावाची एक चांगली सवय होती. शेवटचं आवळून झालं की तो बोल्टच्या डोक्यावरून पिवळ्या मार्करनं एक रेघ मारायचा. रेघ आहे म्हणजे काम झालं, रेघ नाही म्हणजे राहिलं. ग्राहक कितीही घाईत असला तरी रेघेशिवाय गाडी बाहेर जात नसे.

मापं जुळायला वेळ लागला. शेवटी जुळली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती आणि आप्पा पाट घेऊन शेडमध्ये आले होते. त्यांनी आपला रंधा, करवत, पटाश्या मांडल्या आणि भावाचे पाने गोळा करायला लागले. टॉर्कचा पाना भावाच्या हातात होता.

"आप्पा, थोडंसं आवळायचं राहिलंय," तो म्हणाला. "एवढं करून देतो."

"आता नाय," आप्पा म्हणाले. "हळदकुंकू आणलंय सूनबाईनं. आण इकडं तो."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"मग उद्या सोनं वाटून झालं की कर. दोन मिनिटांचं काम कुठं पळून जात नाय."

भाऊ हसला. पाना फडक्यानं पुसला आणि आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो पाटावर, आपल्या रंध्याच्या शेजारी ठेवला. मला वाटलं, ठीक आहे, उद्या संध्याकाळी मीही असेन, दोघं मिळून करू. चक्कर मारायची ती त्यानंतर, तोवर गाडी तर हलणार नाही. मी तसं बोललोही. भाऊ म्हणाला, हो रे, जायचंय कुठं.

दसऱ्याला मी सकाळी सिन्नरला मावशीकडे गेलो. दरवर्षी जातो. इकडे आप्पांनी गाडीची पूजा केली, बॉनेटवर झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाले, फोड लिंबं आणि मार एक चक्कर. भावानं इंजिन चालू केलं. कित्येक महिन्यांनी ते चालू झालं होतं. त्याला गाडी बाहेर काढायचीच नव्हती असं मी म्हणणार नाही. बोल्ट टेकवलेले आहेत, कोपऱ्यापर्यंत जायला काय होतंय, असं त्याला वाटलं असणार. आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ते इंजिन असं गोड चाललं असणार की तो दिंडोरी रोडला लागला. मूर्खा. दुसऱ्याच्या गाडीला रेघेशिवाय सोडत नव्हतास ना रे.

रस्त्यात एक मोरी आहे, तिच्या अलीकडे खड्डे. तिथे ब्रेक मारल्यावर गाडी एकदम डावीकडे फिरली आणि मोरीच्या कठड्यावर गेली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं पाहिलं. तो म्हणाला, वेग काही फार नव्हता हो, गाडीच आपोआप वळली. मला सिन्नरला फोन आला तेव्हा मावशीनं माझ्या ताटात पुरी वाढली होती. मी सिव्हिलला पोहोचलो तोपर्यंत संपलं होतं. चेहऱ्याला काही झालं नव्हतं, झोपेत दिसायचा तसाच दिसत होता. छातीचं मला बघवलं नाही. भावजय बाकावर बसली होती आणि दिसेल त्याला सांगत होती, चक्कर मारायला गेलेत, येतीलच. माझ्याकडे बघूनही तिनं तेच सांगितलं.

दहावं-तेरावं झाल्यावर मी पोलीस ठाण्याच्या आवारात गेलो. गाडी तिथे एका कोपऱ्यात पडली होती, बॉनेटवर हाराचा दोरा तसाच. मी खाली आडवा झालो आणि मोबाईलच्या उजेडात बघितलं. क्रॉस अख्खा होता. खरचटला होता, चिखलानं माखला होता, पण एक जोड सुटला नव्हता. डावीकडचे दोन्ही बोल्ट मात्र नव्हते. भोकं स्वच्छ, आटे शाबूत, म्हणजे बोल्ट तुटलेले नव्हते, फिरत फिरत गळून पडले होते. उजवीकडचे दोन होते. त्यांच्या डोक्यावर पिवळी रेघ नव्हती. मी तिथेच जमिनीवर पडून राहिलो. एक हवालदार म्हणाला, अहो उठा, कपडे खराब होतायत.

मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरज पडेल असंही वाटलं नव्हतं. लोक म्हणत होते, वेगात असेल, ही शर्यतीची पोरं. मी ते ऐकून घेत होतो. आप्पांना मात्र ते सहन होईना. माझा पोरगा बेफाम चालवत नव्हता, म्हणायचे. टेम्पोवाल्याला त्यांनी घरी बोलावून विचारलं आणि तो खरं बोलला, वेग नव्हता म्हणाला. तो गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "त्या संध्याकाळी तो काय आवळायचं म्हणत होता रे?"

मी म्हणालो, "किरकोळ असेल काहीतरी."

"किरकोळ काय?"

"सायलेन्सरचा क्लॅम्प."

त्यांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी चहा दिला तेव्हा त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग रोज. चहा तसाच राहायचा, त्यावर साय धरायची. ताट समोर ठेवलं तर एक घास मोडायचे आणि हात तसाच ठेवायचे. भावजय बिचारी स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्यांना भाकरी कुस्करून द्यायची. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण असं चाललं तर आजोबा राहणार नाहीत. आणि एके दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेलो तर ते पाटाशेजारी जमिनीवर बसले होते. हत्यारं अजून मांडलेलीच होती, झेंडू वाळून गेला होता. कुणीच ती उचलली नव्हती. टॉर्कचा पाना त्यांच्या मांडीवर होता.

"मीच अडवला ना रे त्याला?" ते म्हणाले. "दोन मिनिटं मागत होता. मी दिली नाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात ह्या माणसानं एक गोष्ट धरून ठेवली होती, हत्याराचा मान, आणि तीच आता त्यांच्या गळ्याशी आली होती. मी काय सांगू शकत होतो? वेग सांगावा तर भावावर खोटा डाग, आणि तो मी लावणार नव्हतो, मेलेल्या माणसाला बोलता येत नाही. खरं सांगावं तर आप्पा आठवडाभर जगले नसते. राहिलो मी.

"नाही आप्पा," मी म्हणालो. "क्रॉस तुटला. मी निवडलेला. मी गाडी बघून आलोय. तुम्हाला कसं सांगू म्हणून गप्प होतो."

ते म्हणाले, "दाखव."

"काय?"

"तुटलेला दाखव. नायतर मला ठाण्यावर ने, मी बघतो."

मी म्हणालो, आणतो. दुसरं काय म्हणणार होतो.

गाडी सोडवायला काही दिवस गेले. ती सोडवून मी थेट अंबडला ओळखीच्या शेडमध्ये नेली, शनिवारी, सुट्टी असते तेव्हा. क्रॉस काढला, मोठ्या शिकंज्यात घट्ट धरला आणि घण घेतला. ग्राइंडरनं कापला असता तर कापलेला दिसला असता. मला तो तुटलेला दिसायला हवा होता. मी डावीकडचा जोड निवडला, कारण गाडी डावीकडे वळली होती. घण मारला. पाइप चेपला, जोड हलला नाही. पुन्हा मारला. हाताला झिणझिण्या आल्या. पाइप वाकला, आर्म धरायचा कान मुडपला, पण जोड जिथल्या तिथे. मी शिव्या द्यायला लागलो. त्या कोइमतूरच्या न पाहिलेल्या वेल्डरला शिव्या दिल्या, क्रॉसला दिल्या, भावाला दिल्या. इतका चांगला माल का आणला मी? जरा कमी चांगला आणला असता तर आता सोपं गेलं असतं. मी घण टाकला आणि शेडमध्ये मोठ्यानं रडलो. तेरा दिवसांत रडलो नव्हतो तेवढा. ऐकायला कुणी नव्हतं.

शेवटी जोडाच्या खालच्या बाजूनं पातळ डिस्कनं खाच मारली, जिथे सहज बघितलं जात नाही तिथे. मग घणानं तो सुटला. खाचेवर कानस फिरवली. नवीन तुटलेलं लोखंड चमकतं, म्हणून मिठाचं पाणी लावून ते दोन दिवस ठेवलं, गंज चढू दिला. वर चिखल चोळला. आयुष्यभर मी जोड सुटलेला माल शोधून बाजूला काढला होता. सुटलेला जोड तयार कसा करतात ते मला त्या दिवशी कळलं.

दोन्ही तुकडे घरी आणले आणि शेडमध्ये आप्पांच्या बाकड्यावर ठेवले. आप्पा आले. भावजय दारात उभी राहिली, तिनं पदर तोंडाला लावला होता. आप्पांना लोखंडातलं फारसं कळत नव्हतं, पण सांध्यातलं कळत होतं. त्यांनी एक तुकडा उचलून दुसऱ्याला लावून पाहिला, चौकटीचा सांधा बसवून पाहतात तसा. मग अंगठा तुटलेल्या कडेवरून फिरवला. खालच्या बाजूला अंगठा गेला असता तर संपलं असतं. तो वरच फिरला.

"हा तुझा क्रॉस?"

"हो."

"जोडावरच तुटलाय."

"हो आप्पा."

"लाकडाचा सांधा असा सुटत नाय. जोड तपासला कुणी होता?"

"मी."

"तुझं कामच ते ना रे? कंपनी तुला पगार कशाचा देती?"

"जोड तपासायचा."

भावजयीनं तोंडावरचा पदर काढला आणि माझ्याकडे पाहिलं. तिनं तसं एकदाच पाहिलं. त्यानंतर तिनं माझ्याकडे कधी सरळ बघितलं नाही, वर्षश्राद्ध झालं आणि ती माहेरी निघून गेली, जाताना आप्पांच्या पाया पडली, माझ्या नाही.

आप्पांनी तुकडे बाकड्यावर ठेवले. हात धोतराला पुसले. खांदे जे इतके दिवस खाली आले होते ते थोडे वर झाले, मला ते स्पष्ट दिसलं. म्हातारा माणूस बाकड्याला धरून वळला आणि दाराकडे निघाला.

"पोरी," ते म्हणाले, "ताट वाढ. भूक लागलीय मला."

"हो आप्पा." ती जरा घुटमळली. "आणि भाऊजींना?"

"एकच वाढ."

ते आत गेले. मी शेडमध्येच उभा राहिलो. आतून पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, मग पाट सरकवल्याचा. थोड्या वेळानं आप्पांचा आवाज आला, ते तिला म्हणत होते, अजून अर्धी भाकरी दे. मला फार बरं वाटलं. बरं वाटलं आणि त्याच वेळी वाटलं की आता ह्या घरात मला कुणी उरलं नाही. मी बाकड्यावरचे तुकडे उचलले, पोत्यात घातले आणि बाहेर पडलो. पंचवटीत एका हॉटेलात मिसळ मागवली. ती समोर आली, पण मला खाता आली नाही.